येतो म्हणू नये

गाडीचे ब्रेक घरीच बदलायचे, असं मी गेल्या शुक्रवारी जेवताना जाहीर केलं. राजश्रीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, वर न बघता विचारलं, "मागं मिक्सर तुम्हीच दुरुस्त केला होता ना?" तो मिक्सर अजून माळ्यावर आहे. इरा ताटात तोंड घालून हसली.

पण माझी बाजू पक्की होती. इरा आमची एकुलती एक, यंदा बारावी झाली. या गुरुवारी तिची मेडिकलची प्रवेश परीक्षा आहे आणि केंद्र आलंय नांदेडला. लातूरहून तीन तासांचा रस्ता. गाडी जुनी, घेतली तेव्हाच दुसऱ्याची वापरलेली. पंधरा दिवसांपासून ब्रेक दाबला की पुढच्या चाकांतून कर्रर्र आवाज यायचा आणि पेडल पायाखाली थरथरायचं. आमचा मेकॅनिक चाकाशी वाकून म्हणाला, "सर, पॅड संपले अन् डिस्कबी वाकडी झाली. पुढच्या शनिवारी आणा, त्याच्याआधी जमत न्हाई." परीक्षेनंतर आणून काय करू? वरातीमागून घोडं.

मी एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. दरवर्षी चार-पाचशे पोरांना घर्षण शिकवतो. ज्याला घर्षण शिकवता येतं त्याला ब्रेक बदलता आले पाहिजेत, असं माझं मत. चाकामागं लोखंडाची तबकडी फिरते, तिला दोन बाजूंनी दोन पॅड चावतात आणि गाडी थांबते. एवढंच तर आहे. म्हटलं, आपला हात जगन्नाथ. शनिवारी बाजारातून दोन डिस्क, पॅडचा जोड आणि ब्रेक ऑइलची बाटली घेऊन आलो.

आमचं घर औसा रोडच्या आतल्या गल्लीत आहे. घर बांधलं तेव्हा समोर ज्वारी होती. आता समोर तीन मजली होस्टेल आहे, शेजारी लायब्ररी, आणि कोपऱ्यावर पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो लावलेला एवढा मोठा फलक की त्याची सावली आमच्या अंगणात पडते. होस्टेलच्या तळमजल्यावर गुणाबाईंची मेस आहे. साठीच्या बाई, काटक, कपाळ मोकळं. भूकंपातल्या एका गावच्या. घरातली पाच माणसं एका पहाटेत गेली, एवढंच आम्हाला माहीत. त्यावर त्या बोलत नाहीत, आम्ही विचारत नाही.

त्यांची एक सवय राजश्रीला खटकायची. विरजण न्यायला, कोथिंबीर द्यायला त्या आमच्याकडं यायच्या आणि निघताना म्हणायच्या, "जाते मी." राजश्री दर वेळी दटावायची, "अहो, जाते काय म्हणता? येते म्हणावं." आमच्याकडं इराला बोलता यायला लागल्यापासून हेच शिकवलंय. उंबऱ्यातून निघताना जाते म्हणायचं नाही, अभद्र असतं. गुणाबाई मान हलवायच्या. "न्हाई बाई. येतो म्हणलं की यावं लागतंय." आणि पुन्हा, "जाते मी."

रविवारी सकाळी साडेआठला मी कामाला लागलो. मे महिन्याचं ऊन तेव्हाच फरशी तापवत होतं. गाडीबरोबर आलेला जॅक होता, पण नुसत्या जॅकवर गाडी सोडून चाकाशी बसायचं नसतं, तो घसरू शकतो. खाली पक्का आधार हवा. नळापाशी दोन काळे धोंडे पडलेले होते, चांगले घडीव, त्यावर आमच्याकडं कपडे आपटतात. कंपाउंडची भिंत बांधताना ठेकेदारानं ट्रॅक्टरभर दगड स्वस्तात आणले होते, त्यातले उरलेले. कुठून आणले ते मी विचारलं नव्हतं. म्हणजे अंदाज होता, म्हणूनच विचारलं नव्हतं. ते एकावर एक ठेवले आणि गाडीचा काठ बरोबर त्यांच्यावर टेकला.

आणखी एक खबरदारी घेतली. भूकंपानंतर लातुरात घरोघरी पेल्यावर पेला उलटा ठेवायची पद्धत पडली होती. जरा जमीन हलली की पेला खणकन पडायचा आणि माणसं बाहेर पळायची. आमच्या आईनं तर मरेपर्यंत ते सोडलं नाही. मी बॉनेटवर तसेच दोन पेले ठेवले. गाडी आधारावरून सरकायला लागली तर आधी पेला सांगेल. हे मला फार हुशारीचं वाटलं.

डावं चाक तासाभरात झालं. नट काढले, चाक उतरवलं, पॅड धरून ठेवणारा कॅलिपर सोडवून तारेनं बांधून ठेवला, जुनी डिस्क हातोडीनं ठोकून काढली. तिच्यावर बोट फिरवलं तर लाटा लागत होत्या. नवी डिस्क बसवली, नवे पॅड बसवले. घामानं बनियन अंगाला चिकटलं होतं, पण मी खुशीत होतो. मग जॅक आणि धोंडे उजव्या बाजूला नेले.

त्याच वेळी गुणाबाई पातेलं घेऊन फाटकातून आत आल्या आणि मधेच थांबल्या. त्यांची नजर गाडीखाली होती.

"सर, हे कुठले ओ?"

"काय?"

"धोंडे."

"ठेकेदारानं आणले होते. का?"

त्या वाकल्या आणि वरच्या धोंड्याच्या कडेवरून हात फिरवला. तिथं छिन्नीचे तिरपे घाव होते, एका ओळीत. त्यांनी हात लगेच मागं घेतला, चटका बसावा तसा.

"खाली जाऊ नका," त्या म्हणाल्या. "अन् तिथं बसून कुणाशी बोलूबी नका."

पातेलं तसंच रिकामं घेऊन त्या परत गेल्या. त्या दिवशी जाते असंही म्हणाल्या नाहीत.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. ती मी राजश्रीलासुद्धा सांगितलेली नाही.

भूकंपाला येत्या सप्टेंबरात एकोणीस वर्षं होतील. तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो. दुसऱ्या दिवशी लातुरातून पोरांचे ट्रक भरून मदतीला गेले, त्यात मीही होतो. पाऊस पडत होता. गाव नव्हतंच, नुसता दगडांचा ढीग होता आणि मधेमधे दाराच्या चौकटी. तिथली घरं जाड दगडी भिंतींची, तेच दगड माणसांवर आले होते. एका ढिगात हातभर फट होती आणि फटीतून आवाज येत होता. मी अंगानं बारीक, म्हणून एका जवानानं मला त्या फटीशी पालथं झोपवलं आणि सांगितलं, बोलत राहा, तिला झोपू देऊ नको. मी विचारायचो, "मावशी, हाय का?" आतून यायचं, "हाय." बाईचा आवाज होता, वय कळत नव्हतं. दुपारभर हेच. हाय का? हाय.

जवानांना पलीकडं बोलावलं, तिथं लहान मूल सापडलं होतं. अंधारून आलं. आमच्या ट्रकचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मी भिजलो होतो आणि सकाळपासून पोटात काही नव्हतं. मी फटीत तोंड घातलं आणि म्हणालो, "येतो हं, मावशी."

घरातून निघताना म्हणतो तसं म्हणालो. सवयीनं. दिवसभर नुसतं हाय म्हणणारी ती बाई म्हणाली, "ये बाबा. ये."

मला रात्री ताप भरला. तिसऱ्या दिवशी उतरला. मी परत गेलो नाही. मला तेव्हा जायची भीती वाटली, आणि पुढं कोणाला विचारायची लाज वाटली.

तर रविवारी अकराच्या सुमारास उजवी डिस्कही बसली. उरलं होतं ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढणं. त्याला दोन माणसं लागतात. एक जण आत बसून पेडल दाबतो, दुसरा चाकाशी बसून छोटा स्क्रू ढिला करतो. त्यातून ऑइल आणि हवेचे बुडबुडे निघतात. स्क्रू घट्ट झाल्यावरच आतल्यानं पाय सोडायचा, नाहीतर हवा परत आत जाते. दोघं एकमेकांना दिसत नाहीत, म्हणून ओरडून सांगावं लागतं. मी इराला बोलावलं. ती मांडीवर बायॉलॉजीचं पुस्तक घेऊन ड्रायव्हरच्या सीटवर बसली. आतला तापलेला वास बाहेर जावा म्हणून काच खाली केली. मी स्क्रूला सलाइनची नळी लावली, नळीचं दुसरं टोक रिकाम्या बाटलीत सोडलं आणि धोंड्याशेजारी मांडी घातली.

"दाब."

"दाबलं."

"सोड."

"सोडलं."

सुरुवातीला काळपट ऑइल आलं, मग बुडबुडे. आठ-दहा वेळा झालं. समोरच्या मेसमधून फोडणीचा वास येत होता. होस्टेलच्या गॅलरीत कोणीतरी सूत्रं पाठ करत होतं. एकदा इरा म्हणाली, "बाबा, गाडी हलतीये."

मी उठून पाहिलं. बॉनेटवरचे पेले जागच्या जागी होते. "तुझा पाय हलतोय," मी म्हणालो आणि परत बसलो.

"दाब."

"दाबलं."

"सोड."

"सोडलं."

बुडबुडे काही संपेनात. एवढी हवा आली कुठून, हा प्रश्न मला पडला होता. आतून येणारा आवाज हळू झाला होता. मला वाटलं, पोर कंटाळली.

"दाब."

"दबले."

मी हसलो. "दबले नाही गं, दाबलं. मेडिकलला जाणार आणि मराठी अशी."

बाटलीत ऑइल येत होतं, बारीक, एकसारखं. मी स्क्रू घट्ट केला.

"सोड."

मी नळीवर टिचकी मारली.

"इरा, सोड. सोडलंस का?"

"हाय."

पाना माझ्या हातात होता आणि हात थांबला.

"इरा?"

"काय हो बाबा?"

ही हाक मागून आली. मी वळून पाहिलं. इरा घराच्या पायरीवर उभी होती, हातात ताकाचे दोन पेले घेऊन. ओठांवर ताकाची पांढरी रेघ.

"तू कधी आत गेलीस?"

"झाली की दहा मिनिटं. आईनं हाक मारली. तुम्हाला सांगून गेले ना मी."

मी उठलो. सीटवर बायॉलॉजीचं पुस्तक उघडं पडलं होतं. गाडीत कोणी नव्हतं. ब्रेकचं पेडल खाली दबलेलं होतं, पार तळापर्यंत, आणि मी बघत असताना हळूहळू वर आलं.

इराला मी आत पाठवलं. काम झालं, जा, अभ्यास कर, असं म्हणालो. माझा आवाज मला नीट लागला. बापाचा आवाज अशा वेळी नीट लागतो.

मग मी जे केलं ते का केलं हे मला सांगता येत नाही. मी धोंड्यांपाशी वाकलो. दोघांच्या मधे बोटभर फट होती. मी विचारलं, "हाय का?"

"हाय," खालून आलं. आणि जरा वेळानं, "आलास?"

मी चाक कसं चढवलं, नट कसे आवळले आठवत नाही. गाडी खाली घेतली. बॉनेटवरचे पेले शेवटपर्यंत हलले नाहीत.

दुपारी मेस उरकल्यावर गुणाबाईंकडं गेलो आणि त्यांना सगळं सांगितलं, एकोणीस वर्षांपूर्वीचंसुद्धा. त्या लसूण सोलत होत्या. हात थांबला नाही.

"म्हणून तर आम्ही म्हणत न्हाई," त्या म्हणाल्या. "त्या दोन दिसात लई लोकं येतो म्हणून गेले. कुणी पाणी आणाया, कुणी पहार आणाया. खालच्या माणसाला काय ठाव, ही जायाची रीत हाय म्हणून? त्यानी ऐकलं, येतो. त्यो वाट बघून राहिला."

"आता काय करू?"

"जागेवर नेऊन ठिवा. अन् निघताना जातो म्हणा. साफ म्हणा. दुसरं कायबी तोंडातून काढू नका."

"तुम्ही येता बरोबर?"

त्यांनी पहिल्यांदा वर पाहिलं. "न्हाई."

सोमवारी निघालो. नव्या पॅडना डिस्कवर बसायला मोकळा रस्ता लागतो, हळूहळू वीस-तीस वेळा ब्रेक मारावे लागतात, असं घरी सांगितलं. ते खोटं नव्हतं. आणि खरं सांगतो, एकट्यानं जायची मला भीती वाटली, म्हणून इराला बरोबर घेतलं. चल, तुझंही डोकं मोकळं होईल, म्हणालो. बाकी तिला एका शब्दानं सांगितलं नाही. परीक्षेच्या तोंडावर पोरीला कशाला घाबरवायचं? धोंडे डिकीत होते. ठेकेदाराला परत करायचेत, असं म्हणालो.

औसा मागं पडलं. रस्ता रिकामा होता, दोन्ही बाजूंना नांगरलेली काळी रानं. ब्रेक लोण्यासारखे लागत होते. थरथर नाही, आवाज नाही. माझी भीती निम्मी तिथंच उतरली.

मी मदतीला गेलो होतो, त्या गावाची नवी वसाहत रस्त्याला लागून आहे, एकसारख्या घरांच्या रांगा. जुनं गाव आत, कच्च्या वाटेनं. तिथं आता बाभळी आहेत आणि दगड. मी गाडी एका लिंबाखाली लावली. "खाली उतरू नको, साप असतात," इराला म्हणालो. एकेक धोंडा पोटाशी धरून आत नेला. कोणतं घर होतं ते ओळखू येणं शक्यच नव्हतं. पण एका जोत्यावर, तिरपे घाव असलेल्या दगडांच्या रांगेत, दोन दगडांची जागा रिकामी होती. मी ठेवले. ते बसले.

वारा नव्हता. मी हात झटकले आणि वर्गात बोलतो तसं मोठ्यानं, स्पष्ट म्हणालो, "जातो, मावशी. चुकलो. जातो."

काही उत्तर आलं नाही. मला रडू आलं, ते मी तिथंच उरकलं. एकोणीस वर्षांचं ओझं पाठीवरून उतरल्यासारखं वाटलं. परत आलो तर इरा सीटवर बसून चपलांची माती झटकत होती.

निघालो. पक्क्या रस्त्याला लागल्यावर मी सहज एकदा ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली. "बघितलंस?" मी म्हणालो. "आईला सांग आता, मिक्सरचं विसर म्हणावं."

इरा हसली. मग म्हणाली, "बाबा, तिथं अजून कोणी राहतं?"

"कुठं?"

"जुन्या गावात. त्या आजी होत्या ना, लिंबापलीकडं दगडावर बसलेल्या. हाक मारली त्यांनी, म्हणून उतरले मी. किती हळू बोलतात. म्हणाल्या, तुझा बाप चालला. तू गं?"

माझा पाय ब्रेकवरच होता.

"मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? येते आजी म्हटलं."

मागून एक टेम्पो हॉर्न वाजवत निघून गेला.

"त्यांनी विचारलं, कधी," इरा म्हणाली. "मी सांगितलं, परीक्षा झाली की."

आज बुधवार आहे, उद्या परीक्षा. ब्रेक मी तीनदा तपासले आहेत. त्यांच्यात काहीही दोष नाही.